आमच्या घरची यमुना

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. भोपाळचा पाऊस एकदा बसला म्हणजे साकेतनगरातील गल्ल्यांतून पाण्याचे पाट वाहू लागतात आणि एम्स रुग्णालयाकडे लगबगीने जाणाऱ्या नातलगांखेरीज रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका रविवारी आमच्या सौभाग्यवतींनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, हे जरा बघा. आपली पोर दोन दिवस यात डोके खुपसून बसली आहे. आत जिथे उघडावे तिथे चर्च आणि प्रार्थना!"

पुस्तक आमच्या कन्येच्या एका मैत्रिणीचे होते. भेलच्या कारखान्यामुळे भोपाळात जी केरळी कुटुंबे येऊन स्थायिक झाली, त्यांपैकी एका ख्रिस्ती घरातली ही मुलगी. मुख्याध्यापकाचा पेशा असा की, समोर आलेले पुस्तक तपासल्यावाचून परत करवत नाही. आम्ही चष्मा लावला आणि 'तपासावयास' बसलो. रात्रीचे दोन वाजले तेव्हा शेवटचे पान उलटले. सौभाग्यवती झोपेतून जागे होऊन विचारत्या झाल्या, "सापडले का काही आक्षेपार्ह?" आम्ही दिवा मालवला.

कथा थोडक्यात अशी : अमेरिकेतील एक लहानसे गाव. तेथे एक तरुण विधवा आपल्या नवऱ्याचे दुकान चालवीत असते. तिच्या दारात कोणी तरी धमकीच्या चिठ्ठ्या टाकू लागते. गावातील पोलीस अधिकारी भला, परंतु देवावरचा विश्वास उडालेला. चिठ्ठ्या टाकणारा कोण, ही उत्कंठा शेवटपर्यंत टिकते. अखेर तो पकडला जातो, अधिकाऱ्याला त्याची श्रद्धा परत लाभते आणि त्या दोघांचा विवाह गावच्या चर्चमध्ये होतो. प्रेम, रहस्य आणि धर्म यांचा हा त्रिवेणी संगम. पाश्चात्य देशांत अशा कादंबऱ्यांची एक स्वतंत्र शाखाच आहे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ साली निघाली आणि तिच्या यशानंतर या शाखेला विशेष बहर आला. तिची नायिकादेखील अपघातात नवरा गमावलेली तरुण विधवाच आहे.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही कन्येला आमचा अभिप्राय ऐकविला. "भाषा सोपी आहे, कथानक बांधीव आहे. पण ही कादंबरी नव्हे, कादंबरीचे वेष्टन घातलेले प्रवचन आहे. असल्या प्रचारकी वाङ्मयापासून जरा जपून असावे. आणि त्या मैत्रिणीकडे सारखे जाणेही जरा कमीच केलेले बरे."

शेवटचे वाक्य आम्ही सहज बोलून गेलो. पोरीने कप खाली ठेवला.

"बाबा, मराठीतली पहिली कादंबरी कोणती?"

"यमुनापर्यटन. बाबा पदमनजी. १८५७." आमच्या तोंडून उत्तर आपोआप निघाले.

"ते ख्रिस्ती होते ना?"

"होते."

"आणि तीही एका विधवेचीच गोष्ट आहे ना? तुम्हीच दरवर्षी सांगता, 'प्रचारकी असली तरी पहिली', म्हणून. बाबा, तुम्ही ती वाचली आहे?"

वाचकहो, आम्ही वर्तमानपत्र उघडले आणि पावसाच्या बातमीत काही तरी शोधू लागलो. कारण खरे उत्तर असे होते की, आम्ही ती वाचलेली नव्हती. नागपूर विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करीत असताना कादंबरीच्या उगमावर प्रश्न हमखास येई. त्याचे उत्तर आम्ही एका पूर्वसूरींच्या टिपणावरून पाठ केले होते : पहिली सामाजिक कादंबरी, विषय विधवांची दुःस्थिती, हेतू धर्मप्रचाराचा, कलागुण बेताचे. या चार वाक्यांवर आम्ही गुण मिळविले, आणि त्याच चार वाक्यांवर गेली तीस वर्षे भोपाळच्या मराठी मंडळींत २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भाषणे ठोकीत आलो. मुलांनी दुसऱ्याच्या वहीतून उतरवून आणलेला निबंध आम्ही पहिल्या ओळीत ओळखतो. आमचा स्वतःचा मात्र तोवर कोणी ओळखला नव्हता.

कन्येने पुढे काही विचारले नाही. दोन दिवसांनी जुन्या आवृत्तीची प्रत संगणकावरून उतरवून, कागदावर छापून आणि दोऱ्याने शिवून तिने ती आमच्या टेबलावर ठेवली. आम्ही निमूटपणे वाचावयास घेतली.

*

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावी जन्मले. शिक्षण मिशनच्या शाळांतून झाले आणि १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर तीनच वर्षांनी हे पुस्तक निघाले. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कागदावर वाट मोकळी झाली होती, आणि घराघरांतील दारे मात्र बंदच होती. मराठीत ख्रिस्ती धर्मविषयक वाङ्मय तेव्हा नवे नव्हते. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ सालचे. बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चे हरि केशवजींनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ चे. परंतु आपल्याच घरातील आपल्याच बाईची गोष्ट गद्यात सांगावयाची, हे धाडस पदमनजींचे. त्यांच्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या 'मुक्तामाले'च्या काळापासून मराठी कादंबरी बराच काळ अद्भुताच्या आणि योगायोगाच्या राज्यात रमली, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाचे मोल कळते.

यमुना आणि विनायकराव हे तरुण जोडपे. दोघे एकमेकांशी बोलतात, एकमेकांना विचारतात. त्या काळच्या घरातील नवराबायकोंत हीच मोठी नवलाई. ती दोघे प्रवासास निघतात. गावोगावी त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी वेगळी, पण शेवट एकच. पुस्तकाच्या लांबलचक नावातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू सांगितलेला आहे. मग एका अपघाताने विनायकरावांचा अंत होतो, आणि आजवर दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच त्या कहाण्यांतील एक होते. पुढे केशवपनाचे भय, सासरचा जाच, आणि अखेर ख्रिस्ती धर्माचा स्वीकार व पुनर्विवाह.

दोष आहेत. पात्रे मध्येच थांबून वादविवाद करतात. काही संवाद तर पत्रकातून उचलून ठेवल्यासारखे वाटतात. लेखकाचे बोट सतत एका दिशेला वळलेले असते. हे सारे आमच्या टिपणात होते आणि ते खोटे नव्हते. टिपणात नव्हते ते एवढेच की, विनायकराव गेल्यानंतरची पाने वाचताना आमचा हात थरथरत होता. त्या अमेरिकन कादंबरीत चिठ्ठ्या टाकणारा कोण, हे कळेपर्यंत आम्ही जागलो होतो. येथे रहस्य काहीच नव्हते. बाईवर घाला घालणारे सारे घरातलेच, नात्यातले, तिचे बरे चिंतणारे. तरी पुढल्या पानावर न्हावी येईल की काय, या धास्तीने आम्ही पान उलटीत होतो.

याचे कारण आम्हांस ठाऊक होते. तो न्हावी आम्ही पाहिला होता.

*

आमचे घराणे मूळ सागरचे. गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून सागरात जी मराठी घरे वसली, त्यांतील एक. तलावाजवळच्या आमच्या वाड्यात मागील सोप्याला लागून एक अंधारी खोली होती आणि तीत आमच्या आजोबांची बहीण, आम्हां मुलांची आत्याआजी, राहत असे. तेराव्या-चौदाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले होते. आम्ही पाहिली तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती : लाल आलवण, डोईवरून पुढे ओढलेला पदर, आणि हातात सदैव काही तरी काम. वाती, पापड, निवडावयाचे तांदूळ. महिन्यातून एकदा मागल्या दाराने म्हातारा न्हावी येई. त्या वेळी आम्हां मुलांना पुढल्या अंगणात पिटाळीत. १९७५-७६ चा हा काळ! १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरविले होते, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. आमच्या मागल्या दारापर्यंत ती वार्ता पंच्याऐंशी वर्षांत पोहोचली नव्हती.

आम्ही सात वर्षांचे असू. घरी पाहुणे होते, मुलांचा दंगा चालला होता. कोणी तरी पैज लावली आणि आम्ही मागून जाऊन आत्याआजीचा पदर ओढला. सारी मुले हसली. तिने सावकाश पदर सावरला, आमच्याकडे पाहिले आणि हातातले तांदूळ निवडू लागली. तिने कोणाला सांगितले नाही. त्या रात्री तिने आम्हांस नेहमीप्रमाणे जवळ बसवून दूधभात भरविला. १९७८ साली ती गेली. क्षमा मागावयाचे राहून गेले. खरे म्हणजे ती मागावयाची असते, हेच तेव्हा कळत नव्हते.

आत्याआजीविषयी वाड्यात एक गोष्ट कुजबुजली जाई. तरुणपणी एकदा ती पहाटे घरातून निघून गेली होती आणि दिवेलागणीला सागरच्या स्टेशनावर सापडली. आमच्या पणजोबांनी तिला परत आणले. कोणी तिला मारले नाही की बोलले नाही. फक्त पुढे कित्येक वर्षे रात्री त्या खोलीला बाहेरून कडी लागू लागली. ती कोठे निघाली होती? कोणी म्हणे, जीव द्यायला. कोणी म्हणे, मिशनवाल्यांकडे. सागरात स्वीडनहून आलेल्या मिशनऱ्यांचे काम फार पूर्वीपासून होते. ही दुसरी शंका घरात पहिलीपेक्षा हलक्या आवाजात बोलली जाई. जणू जीव देणे एक वेळ परवडले असते.

'यमुनापर्यटन' मिटून ठेवले आणि पुढल्याच रविवारी आम्ही सागरची गाडी पकडली. भोपाळहून आगगाडीने सागरला जावयाचे तर बीन्यावरून जावे लागते. वाड्याचा आता थोडाच भाग उभा आहे आणि त्यात आमच्या काकू आपल्या मुलाकडे राहतात. वय पंच्याऐंशी, कान थोडे गेलेले, स्मरण लख्ख. लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षे त्यांनी आत्याआजीबरोबर त्या घरात काढली होती. आम्ही सरळच विचारले, "काकू, आत्याआजी त्या दिवशी कोठे निघाली होती?"

काकूंनी बराच वेळ आमच्याकडे पाहिले. "आज बरी आठवण झाली तुला," त्या म्हणाल्या. "मला एकदाच बोलल्या होत्या आत्याबाई. शेवटच्या आजारात. बीन्याचं तिकीट काढलं होतं म्हणाल्या. वाती विकून साठवलेले पैसे होते."

"बीन्याहून पुढे कुठे?"

"ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं." काकू थांबल्या. "मी म्हटलं, मग गाडी चुकली का? तर म्हणाल्या, 'गाडी आली होती गं. दारासमोर उभी होती. मी चढले नाही.' मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, 'चढून कुणाच्या दारात उतरणार होते?'"

*

परतीच्या प्रवासात बीना स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर उतरून आम्ही उभे राहिलो. तेथून एक रूळ दिल्लीकडे जातो, एक कटनीकडे, एक भोपाळ-इटारसीवरून मुंबई-पुण्याकडे. आत्याआजी निघाली त्या वेळी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास नांदत होता. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशनही होते. दारे अगदीच नव्हती असे नाही. परंतु सागरच्या अंधाऱ्या खोलीत वाती वळणाऱ्या बाईला त्या दारांचा पत्ता कोण सांगणार? ज्यांना ठाऊक होता ते सुशिक्षित पुरुष आमच्याच घरातले, आणि ते तर तिला परत आणावयास स्टेशनावर गेले होते.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधील नायिकाही यमूच. ती कथा १८९० पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागली. ही कादंबरी आम्ही दोनदा वाचली आहे, तिच्यावर रडलो आहोत, आणि कलेच्या दृष्टीने ती पदमनजींच्या पुस्तकाहून कितीतरी श्रेष्ठ आहे, यात आजही शंका नाही. त्या यमूचे केशवपन होते आणि ती मरते. आपण हळहळतो, पुस्तक मिटतो, आणि आपल्या धर्माला कोठे धक्का लागलेला नसतो. पदमनजींची यमुना जगते, पुन्हा संसार मांडते, आणि ते आपल्याला रुचत नाही. तेव्हा आपण तिला 'प्रचारकी' म्हणतो. प्रचार त्यात आहेच. परंतु आम्ही स्वतःला विचारून पाहिले : मेलेली यमू आम्हांस कलापूर्ण वाटते आणि जगलेली यमुना कलाहीन, यात कलेचा निवाडा किती आणि आमच्या घराण्याची सोय किती? उत्तर आमच्या बाजूने आले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग धर्म सोडणे हाच काय तो उपाय? आम्ही तसे म्हणत नाही. धर्मांतराने घरे कशी दुभंगत, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त कोणीही वाचावे. नारायण वामन टिळकांना बायबलचा नवा करार हाती पडला तो राजनांदगावकडे जाताना आगगाडीत. म्हणजे आपल्या या बाजूच्याच मुलखात. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी ताटातूट आली, ती वाचताना हसू आणि आसू एकाच वेळी येतात. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, आपल्या बुद्धीने सारे पारखून १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या दोघांच्या प्रेमाइतकी उत्कंठावर्धक गोष्ट कोणत्या कादंबरीत असेल? परंतु लक्ष्मीबाई ज्या गाडीत बसल्या, तिच्या शेवटच्या स्टेशनावर त्यांचे कोणी तरी माणूस होते. पदमनजींच्या यमुनेलाही हात देणारी माणसे भेटली. आत्याआजीने गाडी सोडली, कारण पलीकडे कोणी नव्हते. तिला नवा धर्म हवा होता, आश्रम हवा होता की नुसतीच ती खोली नको होती, हे कधीच कळणार नाही. तिला तेवढे विचारणारे माणूस आमच्या भरल्या घरात साठ वर्षांत निघाले नाही.

*

भोपाळला परतल्यावर ते इंग्रजी पुस्तक परत करावयास आम्ही स्वतः गेलो. कन्या बरोबर होती. मैत्रिणीच्या आईने दार उघडले. रुग्णालयात परिचारिका, रात्रपाळी करून नुकत्याच आलेल्या. बोलता बोलता कळले की, पती बारा वर्षांपूर्वी वारले. दोन्ही मुली त्यांनी एकटीने वाढविल्या. अंगावर निळ्या फुलांची साडी होती, केसांत पांढरे आले होते आणि वेणी घातलेली होती. आम्ही त्या वेणीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असू, कारण कन्येने हळूच आमचा हात ओढला.

त्यांनी विचारले, "सर, पुस्तक आवडले का?"

आम्ही म्हणालो, "रात्री दोन वाजेपर्यंत वाचले." त्या हसल्या आणि आत चहा ठेवावयास गेल्या.

घरी येताना आम्ही कन्येला सांगितले, "बेटा, त्या दिवशीचे तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. यमुनापर्यटन मी वाचलेली नव्हती. आता वाचली. आणि या घरी येण्याजाण्याविषयी जे बोललो, ते तू विसरून जा."

"मला ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. दोहोंपैकी काय ठाऊक होते, ते आम्ही विचारले नाही.

येत्या २७ फेब्रुवारीला मंडळात बोलावयाचे आहे. तीस वर्षांची ती चार वाक्ये या खेपेस आम्ही वापरणार नाही. प्रथम कबुली देऊ, मग पुस्तकाचे गुणदोष सांगू, आणि मग आत्याआजीची गोष्ट सांगू. तिचे पाळण्यातले नाव यमुना नव्हते. ते काय होते, हेदेखील आम्हांस काकूंना विचारावे लागले. ते येथे देत नाही. घरातल्या माणसांनी ते आधी शिकावे, एवढीच इच्छा आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतून अशी एखादी मागली खोली बहुतेक असावी. तीत राहून गेलेल्या बाईविषयी सांगू शकणारी एखादी काकू, एखादी मावशी अजून असेल. वाचकांना हात जोडून विनंती एवढीच की, त्यांना जाऊन विचारावे. आम्हांस फार उशीर झाला होता. तरी एक वाक्य मिळाले.